पहिलीचा वर्ग जूनमध्ये बसत नाही तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. नाशिकमधल्या सातपूरच्या शाळेत पहिलीचा वर्ग, पटावर ४१ मुलं, शाळा उघडून जेमतेम दोन आठवडे. दोघं रोज दारात आईला धरून रडतात. एक मुलगा चावतो. एक मुलगी बाकाखाली जाऊन बसते आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर येत नाही. उरलेल्यांतली निम्मी मुलं, तुम्ही फळ्याकडे वळलात की व्हरांड्यात. तुमचा घसा बसलाय. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणतात, ‘पट्टी हातात ठेवा, दोन दिवसांत सरळ होतात.’ मुख्याध्यापक विचारतात, मुळाक्षरं अजून सुरू कशी नाहीत? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘वर्ग ताब्यात कसा आणू, की हे काम माझं नाहीच?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जूनमधल्या पहिलीच्या वर्गावरून कुणाचीच पारख करू नये, मुलांची नाही आणि बाईंचीही नाही. मी २६ वर्षं प्राथमिकला शिकवतेय, त्यातली १५ पहिलीवर. आमच्या संस्थेत बदल्या होत राहिल्या, त्यामुळे पंचवटी, सिडको, सातपूर आणि मधली काही वर्षं दिंडोरी तालुका, असे निरनिराळे वर्ग पाहिले. जूनमध्ये गोंधळ नसलेला पहिलीचा वर्ग मी दोनदाच पाहिला, आणि त्यातल्या एका वर्गातली मुलं शांत नव्हती, घाबरलेली होती.

आता ‘ताबा’. मला वाटतं तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या मुलांना अजून शाळेतला दिवस माहीत नाही. घरचा दिवस त्यांना पाठ असतो. नळाला पाणी आलं म्हणजे आई ओरडणार, पप्पांचा डबा भरला म्हणजे ते फर्स्ट शिफ्टला निघणार, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट. शाळेत मात्र कशानंतर काय येणार, हे एकालाही सांगता येत नाही. पाणी कधी मिळणार, लघवीला जाऊ देतील का, खिचडी उरेल का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आई येणार का. सहा वर्षांचं मूल हे प्रश्न शब्दांत विचारत नाही. ते रडतं, पळतं, चावतं, नाहीतर बाकाखाली जाऊन बसतं. तुम्ही मला चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण मला त्यात बऱ्याच अंशी एकच दिसतेय. म्हणून पहिले तीन आठवडे अक्षरं बाजूला ठेवून मी दिवस शिकवते. खरोखर शिकवते, पाढा शिकवावा तसा, रोज, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत.

यात काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मान्य करते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. तुमच्याकडे ४१ आहेत आणि मदतनीस नाही. मी सांगतेय ते ३० मुलांत दोन आठवड्यांत जमतं, ४१ मध्ये चार लागतील. अंगणवाडीत किंवा बालवाडीत नियमित गेलेली किती आहेत, हे आधी पटावर टिपून घ्या. २०२० च्या मार्चनंतर शाळा आणि अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या, त्यानंतर आलेल्या माझ्या वर्गात गोल करून बसणं म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या वर्षी आमचा ‘जून’ गणपतीपर्यंत चालला. आणखी एक, सातपूर-अंबड भागात घरची भाषा मराठीच असेल असं धरू नका. भोजपुरी, हिंदी, उर्दू असेल. सटाणा-मालेगावकडून आलेल्या घरात अहिराणी असेल. तुम्ही ‘मला सांग’ म्हणता, ते मूल घरी ‘माले’ ऐकतं. ऐकत नाही म्हणून आपण ज्याला हट्टी ठरवतो, त्याला पुष्कळदा आपलं वाक्यच समजलेलं नसतं. मी एकदा एका मुलाला आठवडाभर ‘दप्तर उघड’ सांगत होते. त्याच्या घरी दप्तर हा शब्दच नव्हता, थैली होती.

तर दिवस शिकवायचा कसा?

फळ्याच्या एका बाजूला सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तिला चित्रं लावा. प्रार्थनेचे हात, गाणं, पाण्याची बाटली, खिचडीची ताटली, गोष्ट, आणि शेवटी आईचा हात धरलेलं मूल. चित्रं साधी, तुमच्याच हातची. आम्ही तिला दिवसाची माळ म्हणतो. एक गोष्ट झाली की एका मुलाने पुढे येऊन ते चित्र उलटं करायचं. घड्याळ त्यांना कळत नाही, ‘साडेपाचला आई येईल’ याला त्यांच्या लेखी काहीच अर्थ नाही. ‘खिचडी झाली, गोष्ट झाली की आई’, हे कळतं. आणि माळ रोज तशीच चालली पाहिजे. मैदानावर कार्यक्रम आहे म्हणून गोष्ट वगळली, तर ते चित्र सगळ्यांसमोर काढून का काढलं ते सांगा. तुम्ही सांगितलेलं तसंच घडतं, हे कळायला मुलांना सात-आठ दिवस लागतात. ते एकदा कळलं की वर्ग बसायला लागतो.

मग छोट्या कृती, एकेक सुटी करून. वर्गात यायचं कसं, चप्पल कुठे, दप्तर कुठे. आपल्याकडे शाळा उघडते ती पावसात, त्यामुळे रेनकोट काढणं हाही पहिलीचा एक पाठच असतो. ४१ ओले रेनकोट एकदम दारात आले की ढकलाढकली होणारच. मी व्हरांड्यात खिळ्यांची ओळ करून घेतली, प्रत्येक खिळ्याखाली चित्र, कुणाचा पतंग, कुणाचा मासा. पाचपाच मुलं येतात, रेनकोट अडकवून आत. बाकीची तोवर बाहेर माझ्यासोबत गाणं म्हणतात. दहा मिनिटं जातात. पण ती नाही दिली, तर पुढचा अर्धा तास भांडणात जातो.

लघवीची परवानगी जून-जुलैत कधीच नाकारू नका, एका तासात चारदा विचारलं तरी. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सोबत नेऊन जागा दाखवा, नळ सोडून दाखवा, कडी लावून उघडून दाखवा. अंधाऱ्या मोरीची भीती वाटते म्हणून दिवसभर धरून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. ती चुळबुळ करतात, पळतात, आणि आपण त्यांना चंचल म्हणतो.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ याबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण आपण सगळ्याच त्यावर वाढलो. मीही पहिली सहा-सात वर्षं दिवसातून वीसदा म्हणत होते. शांतता मिळते, पण अर्धा मिनिट. मग कोपरं हलतात, बोटाआडून हसू फुटतं, आणि पुन्हा तेच वाक्य, आता जरा मोठ्याने. त्यात मुलाला करायला काही नसतं, फक्त न करण्याचं काम असतं, आणि या वयाला तेच सर्वांत अवघड. त्यापेक्षा हातांना काम द्या. मी टाळीची लय देते, दोन संथ आणि तीन झटपट, ती मुलांनी परत द्यायची. दुसऱ्या वेळी हळू, तिसऱ्या वेळी फक्त दोन बोटांनी. तिसऱ्या वेळेपर्यंत वर्ग ऐकण्याच्या आवाजात आलेला असतो. मग मी बोलते, हळू, आणि एकच सूचना. ‘वही काढा, पेन्सिल काढा, चित्र काढा आणि बोलू नका’ या चार झाल्या. त्यातली पहिली करतात, बाकीच्या तिथेच राहतात.

एका कामावर दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मग उठणं, हलणं, गाणं. शाळेतला ३५ मिनिटांचा तास पहिलीला जूनमध्ये लागू होत नाही, त्याचे तीन तुकडे करावे लागतात. आणि बोलताना फळ्यापाशी उभ्या राहू नका. ज्या कोपऱ्यात गडबड आहे तिकडे चालत जा आणि बोलणं तसंच चालू ठेवा. जवळ उभ्या असलेल्या बाईंपुढे नाव घेऊन रागवायची वेळ फारशी येत नाही.

सातपूरचाच एक अनुभव सांगते. दुपारचं सत्र होतं. एक मुलगा रोज तीनच्या सुमारास उठून फाटकाकडे धावत सुटायचा. मी दार लावून घेतलं तर दारावर लाथा मारायचा. आधीच्या शाळेने त्याच्या पालकांना ‘मूल शाळेच्या लायक नाही’ असं सांगितलं होतं. दोन आठवडे मीही चुकत राहिले, त्याला पुढच्या बाकावर बसवलं, आईला बोलावून तक्रार केली. मग त्याची आई सहज म्हणाली की ती जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे आणि तीनला सुटते. तीनच्या शिफ्टचा भोंगा वर्गात स्पष्ट ऐकू यायचा. भोंगा झाला की आई घरी येते, हा त्याचा दोन वर्षांचा हिशोब होता. तो शाळेतून पळत नव्हता, वेळेवर आईकडे निघाला होता. त्यानंतर आम्ही माळेत भोंग्याचं चित्र टाकलं. भोंगा झाला की सगळ्या वर्गाने उठायचं, पाणी प्यायचं, आणि त्या मुलाने खिडकीतून मोठ्याने सांगायचं, ‘आई सुटली.’ मग दोन चित्रं उरायची, गोष्ट आणि आई. चौथ्या दिवसापासून तो फाटकाकडे गेला नाही. त्या वर्षी सगळ्या वर्गालाच भोंग्याची वाट पाहायची सवय लागली.

म्हणून एक साधी वही करा. पळणं, चावणं, रडणं, जे घडेल त्याच्यासमोर तीनच गोष्टी: किती वाजता, कुठे, त्याच्या आधी काय झालं. आठवडाभर फक्त लिहा, उपाय करू नका. तुमचा चावणारा मुलगा दिवसभर चावत नसणार. माझा अंदाज आहे की तो रांगेत चावत असेल, खिचडीच्या किंवा नळाच्या, कारण लहान मुलं अंगाला अंग लागतं तिथेच जास्त चावतात. तसं निघालं तर त्या मुलाला सुधारायच्या आधी रांग मोडा. पाच-पाच मुलं सोडा, त्याला ताटल्या वाटायचं काम द्या म्हणजे तो रांगेत नसेलच. मी काम शिक्षा म्हणून देत नाही, चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणूनही नाही. ज्याला स्थिर बसवत नाही त्याला चालायचं कारण हवं असतं, एवढंच.

आणि प्रत्यक्ष चावला तर? मध्ये उभ्या राहा, आधी ज्याला चावलं त्याच्याकडे बघा, जखम धुवा. चावणाऱ्याला दोनच वाक्यं: ‘चावायचं नाही. राग आला की माझ्याकडे यायचं.’ सगळ्या वर्गासमोर ‘सॉरी म्हण’ करायला लावू नका. तो म्हणेल आणि उद्या पुन्हा चावेल, कारण त्याला शब्द मिळाला, रस्ता मिळाला नाही. दोन्हीकडच्या पालकांना त्याच दिवशी तुम्ही स्वतः सांगा. गल्लीतून कळलं तर दुसऱ्या दिवशी फाटकावर भांडण उभं राहतं.

रडणाऱ्या दोघांसाठी आयांशी बोला. बऱ्याच आया मूल दुसरीकडे बघत असताना गुपचूप निघून जातात, रडणं बघवत नाही म्हणून. त्याने मूल दुसऱ्या दिवशी पदर आणखी घट्ट धरतं. निरोप सांगून घ्यावा, छोटा घ्यावा, आणि एकदा निघाल्यावर खिडकीतून डोकावू नये. आईचा रुमाल किंवा ओढणीचा तुकडा दप्तरात ठेवला तर आठवडाभर उपयोगी पडतो.

बाकाखालच्या मुलीला ओढून बाहेर काढू नका. ४१ मुलांच्या आवाजात तिने एक सुरक्षित जागा शोधलीय, आणि मला तिची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ती कुणाला त्रास देत नाही म्हणून मागे राहू शकते. तिच्या बाकाजवळ जमिनीवर एक बस्कर टाका. गोष्ट सांगताना खुर्ची त्या बाजूला न्या आणि तुम्हीही थोडा वेळ खाली बसा. चित्र काढायला दिलेत तर तिचा कागद बाकाखाली सरकवा, काही न बोलता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला अंगणापर्यंत जायचं नाही, एका बाकापर्यंत जायचंय. पण ती हाकेला वळते का, मागून टाळी वाजवली तर दचकते का, घरी बोलते का, हे जरूर बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्याआधी तिचं आणि चावणाऱ्याचं नाव तुमच्या निरीक्षणांसह लिहून ठेवा. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऐकू न येणाऱ्या एका मुलाला मी तीन महिने ‘लक्ष नसतं’ म्हणून मागे उभं केलं होतं. त्याचा कान वाहत होता. ते मी कधीच विसरले नाही. ऑगस्ट संपेपर्यंत काहीच फरक दिसला नाही तर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना मुख्याध्यापकांमार्फत बोलवा, वाट बघू नका.

पट्टीबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, तेव्हा कायद्याने विषय संपतो. पण पालकच ‘बाई, मारा पण शिकवा’ म्हणतात तेव्हा कायदा सांगून भागत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की मला त्याने उद्या सकाळी स्वतःहून यायला हवंय, आणि पट्टी असलेल्या खोलीत सहा वर्षांचं मूल स्वतःहून येत नाही. पट्टीने वर्ग शांत होतो, हे शेजारच्या बाईंचं म्हणणं खोटं नाही. फक्त ती शांतता बाई वर्गात असेपर्यंतच असते. त्या ऑफिसात गेल्या की सगळी गल्ली ऐकते.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा एकसंध धरलाय, आणि पहिलीच्या सुरुवातीला तीन महिन्यांचा ‘विद्या प्रवेश’ हा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रम २०२१ पासून त्याच धोरणातून आला. म्हणजे तुम्ही मागे पडत नाही आहात, याच काळासाठी जे काम सांगितलंय तेच करताय. त्यांना चिडून नव्हे, माळ दाखवून सांगा. एका दिवसाचं टाचण समोर ठेवा: गाण्यातून ध्वनी, रेनकोटांच्या खिळ्यांतून मोजणी, गप्पांतून बोलणं. हो, गप्पांना रोज पंधरा मिनिटं द्याच. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माझ्या पंचवटीच्या वर्गात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं यावर एकेक जण बोलायला तडफडत असे: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. कधीच तोंड न उघडणारी मुलंही तेव्हा हात वर करायची. आपली पाळी येईपर्यंत थांबायला मी त्या मुलांना असंच शिकवलं, त्यासाठी वेगळा पाठ घ्यावा लागला नाही.

एक पूर्वसूचनाही देऊन ठेवते. वर्ग बसला की कायमचा बसला असं नसतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा छोटा जून येतो. दिंडोरीकडे तर द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं येत आणि नोव्हेंबरात चार-पाच नवी मुलं वर्गात दाखल होत. तेव्हा माळ पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. फरक इतकाच की तेव्हा जुनीच मुलं नव्यांना शिकवतात.

घशासाठी या आठवड्यात खरंच कमी बोला. टाळी, हात, चित्र वापरा, गरम पाणी प्या, आणि तीन आठवड्यांत आवाज परत आला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आवाज हे आपलं हत्यार आहे आणि पहिलीच्या बाया ते फार लवकर झिजवून बसतात.

सोमवारी सगळं एकदम करायला जाऊ नका. माळ बांधा आणि वही सुरू करा, एवढंच. रविवारी संध्याकाळी चित्रं काढून ठेवा, सहा पुरेत. पंधरा दिवसांनी वहीत काय निघालं ते मला कळवा. चावण्याच्या वेळा मला बघायच्या आहेत, आणि त्या बाकाखालच्या मुलीने कागदावर काय काढलं, तेही.